एआयच्या सीटवर बापाचा सातबारा

एसटी स्टँडपासून बायपासच्या चौकापर्यंत सध्या जेवढे फ्लेक्स लागलेत, त्यातले वाढदिवसवाले नेते वगळले तर उरलेले बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांचे आहेत. सगळ्यांवर एकच शब्द, एआय. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, मोजक्याच जागा शिल्लक.' कोपऱ्यात एका हसऱ्या पोराचा फोटो आणि खाली पॅकेजचा आकडा.

स्पष्ट लिहितो, राग आला तर येऊ द्या. या लाटेत कमावणारे वेगळे आहेत आणि पैसे लावणारे आपण आहोत.

चिप विकणारी एनव्हिडिया ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलरची कंपनी झाली. त्याच वर्षी जुलैत टीसीएसने जवळपास १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनी म्हणाली, हे एआयमुळे नाही, कौशल्य जुळत नाही म्हणून. बरं, मानू. पण त्यातले जास्त लोक मधल्या आणि वरच्या फळीतले होते. पंधरा-वीस वर्षं घासलेल्या माणसाचंच कौशल्य जुळत नसेल, तर आपल्या तालुक्यातून काल पास झालेल्या पोराचं कुणाशी जुळणार?

जरा मागे जाऊ. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यातून शिक्षणसम्राट झाले, डोनेशन आलं, सगळं खरं. पण आपल्यासारख्यांच्या पोरांना एक शिडीही मिळाली. उसाचं बिल, आईच्या पाटल्या, बँकेचं कर्ज, चार वर्षं कॉलेज, मग पुण्यात कॉट बेसिसवर खोली आणि शेवटी हिंजवडी. तिथली पहिली नोकरी काही फार हुशारीची नसायची. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा, चुका शोधायच्या, रिपोर्ट बनवायचा. पण ते करता करताच पोरं शिकली आणि वर गेली. कुणाचं घर झालं, कुणाच्या बहिणीचं लग्न झालं.

एआयला आज सगळ्यात चांगलं जमतं ते नेमकं हेच काम. म्हणजे शिडीची खालचीच पायरी निखळतेय. शहरातल्या सुखवस्तू घरातलं पोरगं घरी बसून आणखी दोन वर्षं शिकेल, इंटर्नशिप फुकटात करेल, ओळखीने कुठेतरी चिकटेल. आपल्या पोराचे हप्ते मात्र सुरू झालेले असतात. मोठ्या आयटी कंपन्यांत साध्या फ्रेशरचा पगार आजही वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीही जवळपास तेवढाच होता. फी तेवढीच राहिली का? तुम्हीच सांगा.

आणि नेमक्या याच वेळी जागा वाढल्यात. एआयसीटीईने २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा काढली. मग काय, कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्यांवर तुकड्या. सिव्हिल, मेकॅनिकलला विचारतो कोण? काल मेकॅनिकल शिकवणारे सर आज मशीन लर्निंग शिकवतात, हे मी नाही, तिथली पोरंच सांगतात.

आता काही जण म्हणतील, कॉम्प्युटर आला तेव्हाही तुम्ही असेच रडला होतात. तर ऐका. बँकांत संगणक आणताना त्याच १९८३ साली मालकांच्या संघटनेला कर्मचाऱ्यांच्या युनियनसोबत बसून करार करावा लागला होता. यंत्रं किती आणि कुठे, यावर बोलणी झाली होती. संगणक आलाच, पण कामगाराला विचारून आला. आज हिंजवडीतल्या पोराला कुणी विचारलं? 'आपण एक फॅमिली आहोत' म्हणणारी कंपनी एका मीटिंगमध्ये राजीनामा मागते, आणि हा बिचारा घरी फोन करून 'प्रोजेक्ट संपलाय' एवढंच सांगतो.

मी एआयच्या विरोधात नाही. बारामतीत उसाला पाणी-खत किती द्यायचं हे ठरवायला एआय वापरलं जातंय, चांगलंच आहे. मी स्वतः पत्रकार आहे, हे वारं माझ्या धंद्यातही शिरलंय. सगळ्या पक्षांच्या प्रेसनोट आता एकाच साच्यातून निघाल्यासारख्या येतात, आणि डीटीपीवाल्या पोरांच्या हातचं काम कमी झालंय. यंत्रामुळे पैसा वाचतो हे खरंच आहे. तो वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जातो, एवढंच मी विचारतोय.

म्हणून दोन मागण्या.

एक, प्रत्येक कॉलेजने गेटवर बोर्ड लावावा. मागच्या तीन वर्षांत शाखेतून किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या पोराचा पगार किती. पहिल्या पोराचं पॅकेज नको, ते फ्लेक्सवर आहेच.

दोन, राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरवाल्यांना सवलती आहेत. सवलत घ्या, पण बदल्यात ग्रामीण भागातल्या फ्रेशर पोरांना वर्षभर पगारी प्रशिक्षण द्या. आमदार साहेबांनी हे विधानसभेत मांडावं. स्वतःचं कॉलेज असेल तर बोर्डाची सुरुवात तिथूनच करावी.

आणि पालकांनो, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी, सातबारा बँकेत नेण्याआधी कॉलेजात जाऊन हा आकडा मागा. तोंडी नको, लेखी. दिला नाही तर समजून घ्या.

ज्यांची पोरं २०२३, २०२४ किंवा २०२५ ला इंजिनिअर झालीत, त्यांनी खाली एवढंच लिहा: शाखा कोणती, नोकरी लागली का, पगार किती. पोराचं नाव नको, कॉलेजचंही नको. कॉलेजं यादी देणार नसतील, तर आपणच करू.