चाळीस पायऱ्यांचा प्रश्न

सोलापुरात पुलाचा विषय काढायला निमित्त शोधावे लागत नाही. दमाणी नगरजवळ रेल्वेरुळांवर उभा असलेला ब्रिटिशकालीन पूल वयाची शंभरी ओलांडून धोकादायक ठरला आणि डिसेंबर 2025मध्ये तो पाडला गेला. नवा पूल कधी होणार, वळसा कुठून घालायचा, पेट्रोल किती जास्त जाते, यावर चहाच्या टपरीपासून महापालिकेपर्यंत सगळीकडे बोलणे होते. बोलणारे बहुतेक गाडीवाले. पायी जाणाऱ्याचा नंबर चर्चेत शेवटी लागतो. सकाळी हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन निघालेल्या पेन्शनराचा तर लागतच नाही.

आणि पायी जाणाऱ्याची आठवण झालीच, तर उत्तर तयार असते: ‘पादचारी पूल टाका की तिथं एक!’

हे उत्तर निम्मे बरोबर आहे. जिथे खाली रेल्वे किंवा नदी आहे, तिथे पादचारी पुलाला पर्याय नाही. 1860मध्ये सोलापूरला रेल्वे आली, पुढे गिरण्या आल्या, गाव रुळांच्या दोन्ही अंगांना पसरले. रूळ ओलांडणे हा मृत्यूशी खेळ आहे आणि गुन्हाही. तिथे पूल हवाच, आणि मोटारींचा पूल रखडला तरी माणसांचा आधी हवा. पण जिथे खाली फक्त रस्ता आहे, तिथे पूल कोणाची सोय करतो? वरवर पाहता पादचाऱ्याची. प्रत्यक्षात गाडीला थांबावे लागू नये म्हणून माणसाला वर चढवले जाते.

हिशोब सोपा आहे. शहरातल्या रस्त्यावरून पूल नेताना खाली साधारण साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पुलाची स्वतःची जाडी धरली की चालण्याची जागा जमिनीपासून सहा मीटरवर जाते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर बारास एक या प्रमाणात तो बहात्तर मीटर लांब होतो, मधल्या विसाव्याच्या जागा वेगळ्या. आणि एवढे सगळे कशासाठी? पंधरा मीटर रुंदीचा रस्ता सावकाश चालणारा माणूसही पंधरा सेकंदांत ओलांडतो.

ते पंधरा सेकंद गाड्या थांबत नाहीत, हे खरे दुखणे आहे.

भारतीय रस्ते काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींसाठी 2012मध्ये जी मार्गदर्शक संहिता काढली, तिचाही कल जमिनीवरच्या ओलांडणीकडे आहे; पूल आणि भुयारी मार्ग हे नाइलाजाचे उपाय. पदपथ किमान 1.8 मीटर रुंद असावा आणि त्याची कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी, असेही ती सांगते. सोलापुरात सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत ही मोजपट्टी लावून पाहावी. मोजायला पदपथ मोकळा सापडला तर.

चालणारे कोण आहेत, हे आधी पाहायला हवे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत सुमारे 1 लाख 68 हजार माणसे गेली, त्यांतली जवळपास 33 हजार पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचांतला एक. सोलापूरपुरते बोलायचे तर चालणाऱ्यांत विडी कामगार बायका येतात. घरी वळलेल्या विड्यांचा माल पिशवीत किंवा डोक्यावर घेऊन कारखान्यात द्यायचा आणि येताना पाने-तंबाखू घेऊन यायची, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. मग असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांचे रे नगर आले, त्यांतल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. एवढी वस्ती ज्या रस्त्याच्या कडेने वाढते, तो रस्ता पायी ओलांडणाऱ्यांची संख्याही वाढतच जाणार. पन्नाशीची, गुडघे धरलेली बाई डोक्यावर माल घेऊन चाळीस पायऱ्या चढेल, की दुभाजकातल्या फटीतून निघेल? दुभाजकातूनच निघेल. मग तिलाच ‘बेशिस्त’ म्हणायचे.

जुन्या गावात तर आणखी एक अडचण आहे, आणि ती फक्त सोलापूरकरालाच सुचेल. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. त्या पंचवीस-तीस फूट उंचीच्या काठ्या मानकरी पेलत शहरातून नेतात. मिरवणुकीच्या वाटेवर साडेपाच मीटरवर लोखंडी पूल आडवा टाकला, तर नंदीध्वज कुठून जायचे? मुंबईत चालले म्हणून इथे चालेल असे नाही. तसे मुंबईतही फारसे चाललेले नाही.

वांद्रे पूर्वेला 2008मध्ये एमएमआरडीएने पहिला स्कायवॉक उघडला, तेव्हा त्याचे कौतुक झाले. पुढे महानगर प्रदेशात तसे तीसहून अधिक झाले. स्टेशनच्या गर्दीशी थेट जोडलेले चालले. बाकीच्यांवर दिवसा फेरीवाले, रात्री अंधार. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक 2019मध्ये धोकादायक म्हणून बंद करावा लागला आणि पुढे पाडावा लागला. जेमतेम अकरा वर्षांचे आयुष्य! जिथे पूल खरोखर गरजेचा होता, तिथे वेगळेच झाले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावले आणि फेब्रुवारी 2018मध्ये नवा पूल उभाही राहिला. ज्या पुलाची प्रवासी वर्षानुवर्षे वाट पाहत होते, तो काही महिन्यांत होऊ शकत होता. 14 मार्च 2019 रोजी सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून सात जण दगावले. काही महिन्यांपूर्वीच्याच तपासणीत तो वापरायोग्य ठरला होता. त्याच्या जागी नवा पूल यायला चार वर्षे लागली. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने पडला आणि चार जीव गेले. पूल बांधताना फीत कापायला सगळे असतात. दरवर्षी गंज तपासायला कोणी नसते.

याच्या उलट उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. पालखी मार्गांच्या कामाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली. आळंदीच्या पालखीचा 221 किलोमीटरचा आणि देहूच्या पालखीचा 130 किलोमीटरचा, या दोन्ही मार्गांच्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ धरला. महामार्गाच्या कामात ‘इथून माणसे चालतात’ हे आधी गृहीत धरले गेले. वर्षातले काही दिवस चालणाऱ्यांसाठी हे सुचते, तर रोज चालणाऱ्यांसाठी का सुचू नये? पुण्यानेही 2016मध्ये पादचारी धोरण मंजूर केले आणि जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले. लक्ष्मी रस्त्यावर 2021पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. पुण्यात सगळे आलबेल आहे असे नाही, पण दिशा तरी जमिनीवरची आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आहे.

आता कुत्र्यांकडे येऊ. पुलाच्या चर्चेत कुत्रे कशाला, असे वाटेल. पण पूल चांगला की वाईट हे कुत्रे फार चटकन दाखवते.

सिद्धेश्वर तलावाचा काठ, पार्क स्टेडियमचा परिसर, कंबर तलावाकडचे स्मृतिवन, इथे पहाटे फिरणाऱ्यांत आता लॅब्राडॉर आणि पग बरेच दिसतात. अधूनमधून उंच, लवचिक कारवानही दिसतो. हा शिकारी कुत्रा मुधोळ, जत, सोलापूर या पट्ट्यातलाच; मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची जोपासना केली आणि अलीकडे लष्करानेही त्याला प्रशिक्षण दिले. असे कुत्रे लोखंडी जाळीच्या पायरीपाशी आणले, की ते अडून बसते. जाळीतून खालची वाहने दिसतात, नख अडकते, पंजा टेकत नाही. म्हातारे कुत्रे चढताना नाही, उतरताना घाबरते. एप्रिल-मेमध्ये पारा 42च्या वर गेला, की पत्र्याचा पूल आणि डांबर दोन्ही तापतात. चपला घातलेल्या मालकाला ते कळत नाही, कुत्र्याच्या तळव्याला कळते. जी पायरी कुत्र्याला झेपत नाही ती मोतीबिंदूच्या आजोबांना, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला आणि काठी टेकणाऱ्यालाही झेपत नाही. भरीव पायरी, बुटका चढ, सावली आणि दिवा ही मागणी सगळ्यांची एकच आहे.

कुत्र्याला घेऊन पूल ओलांडून पलीकडे गेले, तर बसायचे कुठे? इंग्लंडमध्ये पबच्या दारात कुत्र्यासाठी पाण्याचे भांडे ठेवलेले असते आणि मालक बिअर पीत असताना ते टेबलाखाली झोपते. त्यात कोणाला नवल वाटत नाही. मुंबई-पुण्यातल्या काही कॅफेंनी ही रीत उचलली आहे. सोलापुरात ती जशीच्या तशी येणार नाही. इथे दारूच्या पेल्यासाठी 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार माणसालाही परवाना लागतो, आणि अन्नसुरक्षेच्या 2011च्या परवाना नियमांत खाद्यपदार्थांच्या आस्थापनेत पाळीव प्राण्यांना मज्जाव आहे. त्यामुळे ‘पेट फ्रेंडली’ पाटी लावून भागत नाही. स्वयंपाकघरापासून वेगळी, उघड्यावरची बैठक हवी, पट्टा सक्तीचा हवा, रेबीजची लस दिल्याचा कागद हवा आणि घाण मालकाने उचलायला हवी. हे पार्क चौपाटीच्या एखाद्या कोपऱ्यात, भेळ खाणाऱ्यांना त्रास न होता जमण्यासारखे आहे. महागडा पब त्यासाठी लागत नाही.

भटक्या कुत्र्यांचा मात्र वेगळा, कडक विचार करावा लागतो. 2024मध्ये देशात 37 लाखांहून अधिक श्वानदंशांची नोंद झाली. रात्री उशिरा स्टेशनवरून चालत घरी जाणाऱ्याला चार कुत्री मागे लागली, की त्याला प्राणिप्रेमाचे प्रवचन नको असते. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके इथून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. स्टेशनच्या पादचारी पुलाचा जिना म्हणजे नेमकी हीच जागा. पण हलवायचे म्हणजे कुठे, तर निवाऱ्यात. आणि निवारे, नसबंदी, लसीकरण यांवर खर्च न करता केवळ गाडी फिरवली, तर रिकाम्या जागी दुसरी टोळी येते. प्राणी जन्मनियंत्रणाच्या 2023च्या नियमांनी नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आणि खाऊ घालण्याच्या ठरावीक जागा नेमण्याचे काम रहिवासी संघटनांवरही टाकले आहे. टपरीवर पार्ले-जीचा तुकडा टाकणाऱ्याने तो पुलाच्या जिन्यावर टाकू नये, एवढे तरी पाळता येते.

माणसाला आणि कुत्र्याला एका गावात राहण्याची सवय इथे जुनी आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे, आणि बाळे इथल्या खंडोबाबरोबर कुत्रे असतेच. त्या परंपरेचे कौतुक करावे, पण तेवढ्यावर लसीकरण होत नाही.

सोलापूर महापालिकेने पुढचा पादचारी पूल मंजूर करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी सांगाव्यात. त्या जागी सिग्नल, उंचवट्याचा झेब्रा आणि मध्ये थांबायची जागा देऊन काम का भागत नाही? पुलावर उतार किंवा लिफ्ट कुठे आहे, आणि लिफ्ट बंद पडल्यास ती किती दिवसांत सुरू होईल? दरवर्षीच्या तपासणीचे आणि डागडुजीचे पैसे कोणत्या खात्यातून येणार? रुळांवरचा पूल असेल, तर तो आधी आणि लवकर करावा. रस्त्यावरचा असेल, तर नगरसेवकांनी मंजुरीचा हात वर करण्याआधी त्या चौकात सकाळी एक तास उभे राहून पायी ओलांडणारे मोजावेत. दहाजणांतले आठ जण चढणार नसतील, तर तो पैसा पदपथाला द्यावा.