सदाफुलीची लागवड : आधी गिऱ्हाईक, मग रोप

महाराष्ट्रात असे अंगण विरळाच, की ज्याच्या एखाद्या कोपऱ्यात सदाफुलीचे झुडूप नाही. कोणी ती मुद्दाम लावलेली नसते. शेंग तडकून बी उडते, पायरीच्या फटीत रुजते आणि ऐन वैशाखातही जांभळट गुलाबी किंवा पांढरी फुले देत राहते. पाणी घालण्याची आठवण राहिली नाही तरी ती रुसत नाही, आणि जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. अशा या फुकटच्या झुडपाच्या पानांपासून कर्करोगावरील औषधे होतात, ही गोष्ट आता खेडोपाडी पोहोचली आहे. ती खरीही आहे. तथापि या एका खऱ्या गोष्टीतून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जात आहेत. सदाफुली शेतात लावली की पैसा हमखास मिळतो, हा पहिला. आणि तिची पाने रोज चावून खाल्ली की मधुमेह बरा होतो, हा दुसरा. पहिल्याने शेतकऱ्याचे एक वर्ष वाया जाऊ शकते, दुसऱ्याने त्याहून अधिक.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरील. कण्हेर आणि सर्पगंधा ज्या कुळातील, त्याच कुळातील ही वनस्पती आहे, आणि या कुळातील बहुतेकांप्रमाणे तिच्याही अंगी विषारीपणा आहे. जमैका बेटावर तिच्या पानांचा काढा मधुमेहावर देण्याची रीत होती. १९५२ साली तेथील पाने कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजून पाहिला. रक्तातील साखरेवर त्याचा लक्षात घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. मग तो टोचून पाहिला, तेव्हा थोड्याच दिवसांत उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्यामुळे रोगप्रतिकाराची शक्तीच उरली नव्हती. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर हाच गुण उपयोगी पडेल, हे नोबल यांनी ओळखले, आणि डॉ. चार्ल्स बिअर यांच्या साह्याने १९५८ पर्यंत विनब्लास्टीन हे द्रव्य पानांतून वेगळे काढले. अमेरिकेतही त्याच सुमारास या वनस्पतीवर काम चालू होते. त्यातून व्हिन्क्रिस्टीन हे दुसरे द्रव्य हाती आले आणि १९६३ साली तेथे त्याच्या वापरास मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात ते आजही दिले जाते.

ज्या घरी सकाळी उठून सदाफुलीची चार पाने चावण्याचा परिपाठ पडला आहे, त्या घराने हा इतिहास नीट ध्यानात घ्यावा. पानांतील ज्या द्रव्यांमुळे औषध होते ती द्रव्ये मुळात पेशींची वाढ रोखणारी आहेत. रुग्णालयात ती मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्ताची तपासणी करीत, थेट शिरेतून दिली जातात. अंगणातल्या पानात ती किती आहेत, हे चव घेऊन कोणालाही कळणे नाही. एका झुडपाचे पान दुसऱ्यासारखे नसते, पावसाळ्यातले उन्हाळ्यातल्यासारखे नसते. गरोदर स्त्रियांनी तर या पानांच्या वाटेलाच जाऊ नये. शिवाय पाने सुरू झाली म्हणून दवाखान्यातील गोळ्या बंद केल्या, असे घडते. साखर वाढत राहते आणि पायाच्या जखमेने ते उघडकीस येते. कोणी यासाठी जुन्या आयुर्वेदीय संहितांचा हवाला देतात. मादागास्करहून आलेल्या या झाडाला त्या संहितांचा आधार देणे योग्य नव्हे. शेतकऱ्याने सदाफुली विकावी. स्वतः खाऊ नये आणि शेजाऱ्यालाही देऊ नये.

आता शेतीचा विचार. वृत्तपत्रांतील मजकूर वाचून सर्वसाधारण समज असा होतो की, औषध मोलाचे आहे, तेव्हा पालाही मोलाचा असणार. येथेच हिशेब चुकतो. एक ग्रॅम विनब्लास्टीन मिळविण्यास सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, आणि एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी सुमारे २,००० किलो. कोरडवाहू सदाफुलीच्या एका हेक्टरातून वर्षाकाठी वाळलेला पाला मिळतो तो सुमारे २ टन; म्हणजे हेक्टरभर पिकात व्हिन्क्रिस्टीन असते एक ग्रॅमच्या आसपास. ते वेगळे काढण्याचे सारे कष्ट, यंत्रे, रसायने आणि ज्ञान कारखान्याचे असते, म्हणून मोलही तेथेच निर्माण होते. शेतकऱ्याच्या पदरी पडतो तो वजनावर विकल्या जाणाऱ्या पाल्याचा भाव.

दुसरी बाजू मागणीची. व्हिन्क्रिस्टीनची एका वेळची मात्रा मोठ्या माणसालाही साधारणतः २ मिलिग्रॅमच्या वर दिली जात नाही. एका ग्रॅमात अशा ५०० मात्रा होतात. कापसाला किंवा तुरीला जशी सारी दुनिया गिऱ्हाईक असते तसे येथे नाही. अर्क काढणारे कारखाने मोजके, त्यांची वर्षाची गरज ठरलेली, आणि ती भागली की उरलेल्या पाल्याला बाजार समितीत कोणी विचारीत नाही. त्यातच २०२२ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी सदाफुलीतील दोन घटक द्रव्ये किण्वाकडून, म्हणजे पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या जातीकडून तयार करवून घेतली आणि ती जोडून विनब्लास्टीन बनविले. ही रीत उद्या कारखान्यांना परवडू लागली, तर पाल्याची गरज आणखी घटेल. आज घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दहा वर्षांचे मनसुबे या पिकावर रचू नयेत, इतका बोध त्यातून निश्चित घ्यावा.

सफेद मुसळीची आठवण अजून ताजी आहे. या शतकाच्या आरंभी तिच्या लागवडीची लाट आली, तेव्हा लागवडीचे कंद चढ्या दराने विकणारे गावोगाव फिरत होते. तयार मुसळी घेण्याच्या वेळी त्यांपैकी फार थोडे दिसले. सदाफुलीच्या बाबतीत बियाणे स्वस्त असल्याने तेवढी हानी होणार नाही, हे खरे. परंतु जमीन वर्षभर अडकते, मजुरी लागते, आणि न विकला गेलेला पाला शेतात गाडण्यापलीकडे कशाच्या उपयोगी पडत नाही. तो गुरांना घालता येत नाही. ज्वारी न विकली गेली तर घरात खाता येते. सदाफुलीचे तसे नाही, ही साधी गोष्ट लागवडीचा निर्णय घेताना विसरली जाते.

म्हणून क्रम उलटा असावा. प्रथम खरेदीदार शोधावा, त्याचा कारखाना अथवा गोदाम प्रत्यक्ष पाहावे, आणि तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : पाला व मुळे दोन्ही घेणार की एकच, ओलाव्याची मर्यादा किती, आणि भाव कोणत्या तारखेचा. जो खरेदीदार बियाणे विकण्यास उत्सुक आणि करार लिहून देण्यास नाखूष, त्याला दारातूनच नमस्कार करावा. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्यांनीही औषधी वनस्पतींची नुसती यादी गावात वाचून दाखवू नये. यादीतील प्रत्येक नावापुढे ते कोण घेतो हे सांगता येत नसेल तर ते नाव तूर्त बाजूस ठेवणेच हिताचे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० सालापासून अस्तित्वात आहे आणि लागवडीच्या प्रोत्साहनाचे काम करते. पण प्रोत्साहन म्हणजे खरेदीची हमी नव्हे, हा भेद शेतकऱ्यास स्पष्ट सांगितला पाहिजे.

इतके पाहून ज्याला खरेदीदार मिळाला, त्याच्यासाठी मात्र सदाफुली हे कृतज्ञ पीक आहे. जेथे बाजरीही धड येत नाही अशा हलक्या, मुरमाड किंवा वाळूसर जमिनीत ती तग धरते. तमिळनाडूत कोरडवाहू भागात तिची लागवड झाली आहे ती याच गुणामुळे. भारी काळ्या जमिनीचा मोह टाळावा. पाणी साचले की सदाफुलीस शेंडेमर लागते. शेंडा तपकिरी होऊन वाळत खाली येतो आणि बुरशी मुळापर्यंत पोहोचली की झाड हातचे जाते. रोगट झाडे उपटून जाळावीत आणि त्याच वाफ्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी हे पीक घेऊ नये. पण उतार आणि निचरा नीट असेल तर बहुधा ही वेळ येत नाही. पाने बारीक होऊन फुलांच्या जागी हिरवे झुबके आले तर तो बोकड्यासारखा निराळा रोग समजावा. असे झाड दिसताच काढून टाकावे.

बी अत्यंत बारीक असते. सरळ पेरणी करावयाची तर हेक्टरी अडीच किलो बी दहापट वाळूत मिसळून, पावसाच्या आरंभी ४५ सेंटिमीटरच्या ओळींत टाकावे आणि पुढे विरळणी करून दोन झाडांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. बियाणे वाचवावयाचे असेल तर गादीवाफ्यावर रोपे करावीत. हेक्टरी ५०० ग्रॅम बी पुरते आणि रोप दोन महिन्यांत लावण्याजोगे होते. वाफ्यावर बी उघडे राहू देऊ नये. सदाफुलीचे बी अंधारात रुजते, म्हणून चाळलेल्या मातीचा पातळ थर देऊन वर गवत पसरावे आणि अंकुर दिसताच ते काढावे. हेक्टरी १० ते १५ टन शेणखत पुरेसे. पहिले दोन महिने खुरपणीत हयगय झाली, तर तण तिला झाकून टाकते. नंतर ती स्वतःच जमीन झाकते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने निर्मल आणि धवल असे पांढऱ्या फुलांचे वाण दिले आहेत. अंगणातले बी गोळा करून शेत पेरण्यापेक्षा ते मिळविण्याची खटपट करावी.

पाल्याची पहिली तोडणी सहा महिन्यांनी, दुसरी नवव्या महिन्यात. जूनची पेरणी असेल तर या वेळा डिसेंबर आणि मार्च येतात, आणि दोन्ही वेळा हवा कोरडी असते, ही आपल्या हवामानाची मोठी सोय होय. पाने सावलीत, पातळ पसरून वाळवावीत. उन्हात टाकलेला पाला पिवळा पडतो, आणि ढिगात तापलेल्या पाल्याला बुरशी येते; दोन्हींचा भाव पडतो. वजन वाढावे म्हणून त्यात काड्या मिसळण्याची युक्ती खरेदीदारास चांगली ठाऊक असते आणि पुढच्या वर्षीचा व्यवहार तिथेच संपतो.

मुळांनाही मागणी असते. त्यांतील अजमलिसीन हे द्रव्य रक्ताभिसरणाच्या औषधांत वापरले जाते. काढणी बाराव्या महिन्यात करतात, परंतु पेरणी जूनची असल्यास पावसाची वाट न पाहता मेमध्येच ती उरकावी. झाडे जमिनीपासून ७ ते ८ सेंटिमीटरवर कापून घ्यावीत, शेतास भरपूर पाणी द्यावे, वाफसा येताच नांगरून मुळे वेचावीत, धुवावीत आणि सावलीत वाळवावीत. कोरड्या जमिनीत नांगर घातला तर मुळे तुटून निम्मी मातीतच राहतात. कोरडवाहू हेक्टरातून सुमारे ७५० किलो, बागायतीत १,५०० किलोपर्यंत वाळलेली मुळे मिळतात. प्रथम वर्षी दहा गुंठ्यांहून अधिक क्षेत्र घेऊ नये. तेवढ्यात कोरडवाहू पाला दोनशे किलोच्या आसपास निघतो आणि तो वाळविण्यास घरची पडवी पुरते. पुढील हंगामाचे बी काढणीपूर्वी दोन-तीन महिने आधीपासून गोळा करीत राहावे. शेंगा पिवळ्या पडू लागताच त्या सकाळी तोडाव्यात आणि कापडावर झाकून वाळवाव्यात. एकदा तडकल्या की बी गोळा करणे शक्य होत नाही.