भीमाची पाटी कोरी कोणी केली?

गेल्या दोनेक महिन्यांत बरेच सिनेमे पाहून झाले. काही मुलाच्या लॅपटॉपवर, काही कपाटातल्या जुन्या डीव्हीडींवर. मराठी, हिंदी, नवे, जुने, सगळी मिसळ. समीक्षक वगैरे मी नव्हे. कचेरीत फायलींवर शेरे मारायची सवय आहे, तेच इथे मारतो.

पहिला 'आरआरआर'. २०२२ साली तो आला तेव्हा थिएटरात जायचं राहिलं होतं, आता घरी हिंदीत पाहिला. खोटं कशाला बोला, मजा आली. 'नाटू नाटू'ला २०२३ साली ऑस्कर मिळालं ते उगाच नव्हे. ज्युनियर एनटीआर आणि राम चरण यांचे पाय बघताना आपलेच गुडघे दुखायला लागतात! पण मला नाचापेक्षा सुरुवातीचा प्रसंग जास्त आवडला. गोंड पाड्यावरची लहान मुलगी गोऱ्या बाईच्या हातावर नक्षी काढत गाते. बाई खूश होते, नाणी टाकली जातात. आईला वाटतं, गाण्याचं बक्षीस. प्रत्यक्षात ती पोरीची किंमत असते. एवढ्याशा प्रसंगात राजमौलींनी जे सांगितलंय ते पुढच्या तीन तासांच्या मारामारीत नाही.

खटकलं ते शेवटी. सगळं जिंकून झाल्यावर राम भीमाला विचारतो, तुला काय हवं? भीम म्हणतो, मला अक्षरं शिकव. मग राम त्याला 'जल, जंगल, जमीन' लिहून देतो.

आमच्या घराजवळ फोंड्यात एका बिल्डिंगीचं काम चालू आहे. तिथे राखणीला असलेला मुलगा बेज्जूरचा. हे गाव तेलंगणात, पूर्वीच्या अदिलाबाद जिल्ह्यात. २०१६ साली जिल्हे फोडले तेव्हा ते ज्या नव्या जिल्ह्यात गेलं त्याचं नावच कोमरम भीम आसिफाबाद. प्राणहिता नदी ओलांडली की पलीकडे आपला गडचिरोली जिल्हा. पोरगा घरी गोंडी बोलतो, बाजारात तेलुगू आणि माझ्याशी मराठी. त्याला म्हटलं, तुमच्या भीमावरचा पिक्चर बघितला. तर म्हणाला, "पिक्चर मस्त हाय जी साहेब. पण भीमले वाचता येत होतं ना!"

त्याचं म्हणणं हवेतलं नाही. भीमाची जी हकीकत त्या भागात सांगतात ती अशी : जमिनीच्या भांडणात निजामाच्या राज्यातला एक माणूस भीमाच्या हातून मारला गेला, म्हणून तो पळून चांद्याला आला. म्हणजे आताचं चंद्रपूर. तिथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याकडे राहून तो लिहायला-वाचायला शिकला. मग आसामच्या चहामळ्यांत मजुरी, आणि परत येऊन जोडेघाटच्या डोंगरात लढा. लढा कोणाशी? निजामाच्या सरकारशी. जंगल खात्याशी, पट्टीशी, जमिनी बळकावणाऱ्यांशी. १९४० साली निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. 'आरआरआर'मध्ये निजामाचा एक माणूस येतो तो गोऱ्यांना सावध करायला, आणि जातो. बाकी सगळे खलनायक इंग्रज. इंग्रज खलनायक सोयीचा असतो, त्याच्यावरून इथे कोणाचं कोणाशी बिघडत नाही.

सिनेमा हा इतिहास नव्हे, हे सुरुवातीच्या पाटीवरच लिहिलेलं असतं. मान्य. वाघ-कोल्हे फेकून मारणाऱ्या सिनेमाकडून सनावळ्या कोण मागतो? पण भीमाला एवढे दंड दिले, छाती दिली, आणि त्याची अक्षरं तेवढी काढून घेऊन शहाण्यासुरत्या मित्राच्या हातात दिली, हे मला बोचलं. कल्पनेनेच रचायचं होतं तर भीमाने रामाला दोन अक्षरं शिकवली असती तरी काय बिघडलं असतं? आणि त्यात जाणारं चांदा तर आपलं मराठी मुलखातलं!

यात आणखी एक गंमत आहे. भीम गेल्यावर निजाम सरकारला जाग आली आणि गोंडांचं दुखणं काय ते पाहायला हायमेनडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ नेमला गेला. तो मारलवाई गावात जाऊन राहिला आणि तिथे गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या. त्यांची गोंडी पुस्तकं कुठल्या लिपीत? देवनागरीत! त्या भागातल्या गोंडांना मराठी ओळखीची होती म्हणून. लिपीवरून भांडण्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा गोंयकारांना हे वाचून हसू यावं की रडू, तुम्हीच सांगा.

भीमावर तेलुगूत आधीही एक सिनेमा आहे, अल्लाणी श्रीधर यांचा. १९९० साली तयार झाला, थिएटरात पोचला २०१० साली. वीस वर्षं! आमच्या कचेरीतल्या फायलीसुद्धा इतक्या रेंगाळत नाहीत.

या नादात कपाटातले दोन जुने सिनेमे पुन्हा लावले. 'आक्रोश' १९८० सालचा, तेंडुलकरांचं लेखन, निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरीचा लहान्या भिकू जवळजवळ सगळा सिनेमा गप्प बसतो. त्याची बाजू मांडणाऱ्या वकिलाशीही बोलत नाही. पण इथे त्याचं गप्प बसणं त्याचं स्वतःचं आहे, ते कोणी त्याला दिलेलं नाही. त्याला सगळं समजलेलं आहे, म्हणून तो बोलत नाही. दुसरा 'जैत रे जैत', १९७७. आमच्या मंगेशीच्या हृदयनाथांचं संगीत म्हणून मी तो वर्षातून एकदा लावतोच, घरचे कंटाळले तरी. त्यातला नाग्या ठाकर मधमाशीशी वैर धरतो आणि देवालाही जाब विचारतो. त्याला सोडवायला शहरातून कोणी येत नाही. मोहन आगाशे काही ठाकर नव्हेत आणि स्मिता पाटीलही नव्हे. तरी नाग्या कोणाच्या खांद्यावर बसून मोठा होत नाही. 'हेमलकसा'बद्दल (२०१४) मात्र तक्रार नाही. तो प्रकाश आमटेंचा सिनेमा आहे आणि तसंच सांगून सुरू होतो.

आता आमचं घर. 'सात हिंदुस्थानी', १९६९. अमिताभचा पहिला सिनेमा म्हणून लोक बघतात, मी गोव्यासाठी बघितला. पोर्तुगीज गोव्यात घुसायला देशभरातून सहाजण येतात, आणि गोंयकार कोण तर एक मारिया. बाहेरून सत्याग्रही आले हे खरंच आहे, १९५५च्या १५ ऑगस्टला त्यांनी इथे गोळ्या खाल्ल्या. ते विसरणारा कृतघ्न. पण सातांत एक? ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच वर्षी मोहन रानडे लिस्बनकडच्या तुरुंगातून सुटले, आणि आमचे तेलो माश्कारेन्हश तर तेव्हाही आतच होते. आझाद गोमंतक दलातली आमची पोरं त्या पडद्यावर कुठे दिसत नाहीत. बेज्जूरच्या पोराला भीमाबद्दल जे वाटलं, ते मला हा सिनेमा बघताना आधीच वाटून गेलं होतं.

बाहेरच्याने आमच्यावर सिनेमा काढू नये, असं मी म्हणत नाही. श्याम बेनेगल हैदराबादकडचे, निजामाच्याच मुलखातले. १९८५ साली त्यांनी 'त्रिकाल' केला तो लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात. त्यात गोव्याचं भलं करायला कोणी येत नाही. घरातली माणसं जेवतात, भांडतात, मेलेल्याला बोलावतात, आणि बाहेर पोर्तुगालचं राज्य संपत आलेलं असतं. त्याची डीव्हीडी कोणी नेली ते आठवत नाही. नेली असेल त्याने कृपया परत करावी.