वैद्य, निष्काळजीपणा आणि नवी संहिता

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पूर्वी कलम ३०४-अ अन्वये कमाल दोन वर्षांचा कारावास होता. आता कलम १०६ अन्वये तो पाच वर्षांपर्यंत आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकास मात्र चिकित्साकर्मापुरती दोन वर्षांची मर्यादा राखली आहे. तथापि असा व्यावसायिक म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खाली नोंदलेला, असे तेथेच स्पष्ट केले आहे. आपले नियमन २०२० च्या स्वतंत्र अधिनियमाने होते. शब्दशः वाचता वैद्य या सवलतीबाहेर राहतो. वमन-विरेचनादी कर्मे करणाऱ्यांवर हा अन्याय होय. संघटनेने दुरुस्तीची मागणी करावी.

तोवर आधार बचावाच्या तत्त्वांचा. संमतीने, रुग्णहितार्थ, सद्भावपूर्वक केलेल्या कर्मास कलम २६ संरक्षण देते. परंतु कायद्याचा सद्भाव म्हणजे नुसता शुद्ध हेतू नव्हे, त्यात योग्य दक्षताही हवी. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असे ठरविले. आपली दक्षता न्यायालयास दिसते ती कागदावरूनच. म्हणून वैद्यांनी संमतीपत्र व रुग्णपत्रिका, तर औषधालयांनी दिलेल्या कल्पाचा बॅच क्रमांक काटेकोरपणे जपावा.