चवली-पावलीची शिडी

पाचाचा घातांक तीन असेल तर पाच तीनदा मांडून गुणायचे. मग घातांक शून्य असताना पाच एकदाही मांडायचा नाही, म्हणजे उत्तर शून्यच यायला हवं. तिथे एक कुठून आला? बोरिवलीच्या शाळेत असो की मुलुंडच्या, सातवीत घातांकाचा धडा निघाला की ही शंका कुणा ना कुणाच्या मनात येतेच. शंका अगदी रास्त आहे. ‘तो नियम आहे, पाठ करा’ हे उत्तर रास्त नाही. त्या उत्तराने मुलाला सूत्र मिळतं, पण आपण विचारलेल्या प्रश्नाला काही किंमत नाही, अशी त्याची समजूतही त्याच क्षणी होते. गणिताची भीती बसते ती अशाच छोट्या छोट्या प्रसंगांतून.

खरं तर हा धडा शिकवायला लागणारं सगळं साहित्य मराठी घरात पडून आहे. आजी-आजोबांना विचारावं.

सोळा रुपये घ्या. निम्मे करा, आठ. पुन्हा निम्मे, चार. मग दोन, मग एक. दोनच्या घातांच्या भाषेत सोळाचा घातांक ४, आठचा ३, चारचा २, दोनचा १. दर पायरीला रक्कम निम्मी होते आणि घातांक एकाने उतरतो. पुढची पायरी एका रुपयाची, आणि एकातून एक गेल्यावर घातांक उरतो शून्य. म्हणून दोनचा शून्य घात एक. आता इथे थांबायचं कशाला? रुपयाचे निम्मे आठ आणे, म्हणजे अधेली. तिचे निम्मे पावली, पावलीचे निम्मे चवली, चवलीचे निम्मे एक आणा. घातांक ओळीने उणे १, उणे २, उणे ३, उणे ४. वरच्या टोकाला सोळा रुपये, खालच्या टोकाला रुपयाचा सोळावा भाग आणि बरोबर मधोमध रुपया. जुना पैसा आण्याचा चौथा भाग, तेव्हा आणखी दोन पायऱ्या उतरलं की उणे ६ वर पैसाही सापडतो, रुपयाचा चौसष्टावा हिस्सा.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढे ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं. आज सातवीत बसणारी मुलं त्यानंतर जन्मली, त्यांनी चार आणे हातात धरलेले नाहीत. पण वजनाची शिडी अजून बाजारात जिवंत आहे. घाटकोपरच्या भाजीवाल्याकडे मिरच्या आजही पावशेर मागता येतात. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक : ही तीच निम्म्या-निम्म्याने उतरणारी शिडी, एकापासून सोळाव्या भागापर्यंत. मागच्या पिढ्या तर शाळेत पावकी-निमकी तोंडपाठ म्हणत. सेमी-इंग्रजी वर्गात आजचं मूल ‘इंडायसेस’ शिकतं, आणि घरातल्या पावशेराचा फळ्यावरच्या आकड्यांशी काही संबंध असेल हे त्याला कुणी सांगत नाही. ही मोठी हानी आहे.

ऋण घातांकाशी मुलं अडखळतात, त्यात शब्दाचाही वाटा असावा. ऋण म्हणजे कर्ज, तेव्हा उत्तरही कर्जातच येणार असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून दोनचा उणे तीन घात कुणी उणे आठ लिहितो, कुणी उणे सहा. चवली हातात असलेल्या माणसाला कर्ज झालेलं नसतं. त्याच्याकडे रुपयाचा आठवा भाग असतो, थोडा पण स्वतःचा. इथला उणे फक्त दिशा सांगतो, गुणायचं नाही, भागायचं. मुलुंडच्या टॉवरमधल्या लिफ्टने तळघरात उतरणारं मूल उणे होत नाही, ते तळमजल्याच्या खाली जातं एवढंच. आणि तळमजला म्हणजे इमारतच नाही, असंही कुणी म्हणत नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट मोकळेपणी कबूल करावी : ‘पाया तितक्या वेळा घेऊन गुणणे’ ही व्याख्या शून्यापाशी अपुरी पडते. ती थोडी बदलून सांगता येते. एकापासून सुरुवात करा आणि घातांक सांगेल तितक्या वेळा पायाने गुणा. एकदाही गुणलं नाही तर एक जागेवरच राहतो. शिवाय आठाला आठाने भागलं तर एक येतो, आणि भागाकारात घातांक वजा करायचे तर तीनातून तीन जाऊन शून्य उरतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचाव्यात म्हणून गणितज्ञांनी शून्य घाताचा अर्थ एक ठरवला. शून्य हाच पाया असेल तर मात्र हा भागाकार करता येत नाही, म्हणून पाया शून्य नसावा ही अट. हे ठरायलाही वेळ लागला. रने देकार्तने १६३७ मध्ये घातांक आजच्यासारखे पायाच्या डोक्यावर लिहिले, ते धन पूर्णांकच होते. ऋण आणि अपूर्णांक घातांक सर्रास वापरलेले दिसतात ते न्यूटनच्या १६७६ च्या पत्रांत. ज्यासाठी त्या काळच्या विद्वानांना जवळपास चाळीस वर्षं लागली, त्यासाठी बारा वर्षांच्या मुलाला दोन तास द्यायला काय हरकत आहे?

सातवीत बोर्डाची परीक्षा नाही, तेव्हा सवड आहे. मुलं गणितात कुठे आणि का अडतात याचा अभ्यास करणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उपनगरातच, मानखुर्दला आहे, तेव्हा सल्लाही जवळच मिळेल. चाचणीत ‘सोपे रूप द्या’ या दहा उदाहरणांऐवजी आठ द्यावीत, आणि उरलेल्या गुणांसाठी विचारावं : पाचाचा शून्य घात एक का, ते तुमच्या शब्दांत लिहा. ज्या मुलाने पावलीचं उदाहरण दिलं, त्याला पूर्ण गुण द्यावेत.

ऋण घातांक कळले की मुलांच्या हाती काय येतं, ते पाहायला अंधेरीची हवा पुरे आहे. अंधेरी आणि बोरिवलीत ‘सफर’ची हवामापन केंद्रं आहेत आणि हिवाळ्यात पीएम २.५ चे आकडे रोज बातम्यांत येतात. त्या नावातला २.५ म्हणजे कणाचा व्यास जास्तीत जास्त २.५ मायक्रोमीटर, मीटरमध्ये २.५ गुणिले दहाचा उणे सहा घात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड धरला तर तो ७ गुणिले दहाचा उणे पाच घात. केसाच्या जाडीत असे किती कण शेजारी-शेजारी मावतील? साताला अडीचने भागलं की २.८. उणे पाचातून उणे सहा वजा केले की राहतो एक, म्हणजे दहा. अठ्ठावीस कण.

हे गणित सातवीतलं मूल वहीच्या अर्ध्या पानात करू शकतं.