पेजमेकरला हसणाऱ्यांनो

माझ्या संगणकावर पुस्तकाची पानं लावायला अजून पेजमेकर ७.० चालतं हे पाहून लोक हसतात. इनडिझाइन घ्या, युनिकोड वापरा, काळाबरोबर चला! हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही मराठी पुस्तकाची वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडलेली नसते.

पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. ॲडोबीने १९९४ मध्ये आल्डस कंपनीबरोबर पेजमेकर पदरात पाडून घेतलं, १९९९ मध्ये इनडिझाइन काढलं आणि जुन्याला अडगळीत टाकलं. धंदा आहे, चालायचंच. पण पेजमेकरच्या फाइली उघडायची सोय इनडिझाइनमध्ये सीएस६पर्यंतच ठेवली. २०१३पासूनच्या भाड्याच्या आवृत्त्यांना त्या फाइली ओळखूच येत नाहीत. सीएस६ आता विकत मिळत नाही आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांच्या मॅकवर २०१९च्या कॅटालिना या मॅकओएसने बत्तीस बिटांचं सगळंच बंद पाडलं. रोख पैसे मोजून घेतलेलं हत्यार दुसऱ्याच्या मर्जीने बोथट होतं, याला प्रगती म्हणायचं म्हणे.

तरी फाइल उघडली समजा. मग फॉन्ट. आपले जुने मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मुखवटे. पेजमेकरला मराठीचा गंधही नाही. फॉन्ट गेला की आख्खी कादंबरी रोमन अक्षरांचा चिवडा. कन्व्हर्टर लावा म्हणतात. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, त्यामुळे रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि पुन्हा पहिल्यापासून प्रूफं तपासायची.

आणि आमचे प्रकाशक! ‘ओपन फाइल आहे आमच्याकडे’ म्हणून ऐटीत सीडी पुढे करतात. तिच्यात फॉन्ट नाही. चित्रं नाहीत, कारण ती फाइलीला नुसती जोडलेली होती आणि मूळ फोल्डर ऑपरेटरबरोबर गेलं. पीडीएफ? ती ठेवायची असते हेच ठाऊक नाही. सॉफ्टवेअर सुद्धा चोरीचंच. त्यामुळे कंपनीच्या नावाने बोंब मारायचीही सोय उरलेली नाही.

म्हणून माझ्याकडे एका आभासी यंत्रात विंडोज एक्सपी आहे. त्याला इंटरनेट देत नाही. कुठेच अस्तित्वात नसलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे डिफॉल्ट करून ठेवलाय, कारण प्रिंटर बदलला की पेजमेकर ओळी हलवतं आणि पानं सरकतात. फाइल फुगली की ‘सेव्ह ॲज’ करायचं, नुसतं ‘सेव्ह’ करून ती फुगतच राहते. प्रत्येक कामाचे फॉन्ट त्या कामाच्याच फोल्डरमध्ये. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा पुनर्मुद्रणासाठी येणाऱ्यांनी फॉन्ट आणावेत, चित्रांचं फोल्डर आणावं आणि छापील पुस्तकाची धडकी प्रत आणावी. नाहीतर सगळं नव्याने टाइप करावं लागेल. त्याचा दर पानावर आहे आणि निम्मे पैसे आगाऊ.