एका घरात दोन चुली



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली. घरातला जुना संगणक विंडोज ११ ला चालत नाही आणि नवा घ्यायचा तर खताबियाण्याच्या पैशाला हात लागतो. अशा वेळी शहरात शिकणारा मुलगा सुट्टीत येऊन विंडोजच्या शेजारीच उबुंटू बसवून देतो. उबुंटू फुकट मिळते. मग संगणक सुरू केला की पडदा विचारतो, कोणते उघडू? एका घरात दोन चुली झाल्या म्हणायच्या. पण एका वेळी पेटते ती एकच.

मुलगा निघून जातो आणि मग अडचण उभी राहते. दुधाचा हिशेब, सातबारा, मुलीचे दाखले, सारे विंडोजमध्ये. आज उघडले आहे उबुंटू. मग कागद गेले कुठे?

गेले कुठेही नाहीत. दोघी जावांनी आपापली कोठी वेगळी ठेवली आहे, एवढेच. विंडोजच्या कोठीची मांडणी एनटीएफएस नावाची, उबुंटूची ईएक्सटी४ नावाची. धाकटी जाऊ म्हणजे उबुंटू, तिला दोन्ही मांडण्या समजतात. उबुंटूत ‘फाइल्स’ उघडा. डाव्या हाताच्या यादीत किंवा ‘अदर लोकेशन्स’मध्ये विंडोजचा भाग दिसेल. त्यावर टिचकी मारा, पासवर्ड मागितला तर द्या. आत ‘युजर्स’, त्यात तुमचे नाव, त्यात ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’. कागद तिथेच असतात. विंडोजच्या भागाला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर मात्र ४८ आकडी किल्ली लागते. ती आधीच वहीत उतरवून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. कधीकधी उबुंटू कागद दाखवते, पण त्यात लिहू देत नाही. कधी तो भाग उघडतच नाही. कारण असे, की २०१२ साली विंडोज ८ आले तेव्हापासून ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पुरते झोपत नाही. उद्या लवकर उठता यावे म्हणून ते अर्धे काम आठवणीत ठेवून डुलकी घेते. या सोयीचे नाव ‘फास्ट स्टार्टअप’. थोरली जाऊ हिशेबाची वही उघडी टाकून, अर्धी बेरीज डोक्यात ठेवून पडली आहे, असे समजा. तेवढ्यात धाकटीने वहीत चार आकडे लिहिले, तर उठल्यावर थोरली आपल्या जुन्याच बेरजेवर पुढे लिहिणार आणि सगळी वही बिघडणार. म्हणून उबुंटू हात आखडता घेते. तो त्याचा शहाणपणा आहे.

उपाय सोपा आहे. विंडोजमधून उबुंटूत जायचे तर ‘रीस्टार्ट’ करा, त्यात विंडोज पुरते बंद होते. बंदच करायचे असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून टाका. ‘हायबरनेट’ मात्र करू नका. झोपलेल्या विंडोजला जबरीने जागे करणारी आज्ञाही कुणी सांगेल. ती देऊ नका, तिने न साठवलेले काम जाते.

उलट बाजूची गोष्ट मात्र जपून ऐका. थोरलीला धाकटीच्या कोठीची मांडणी आपणहून समजत नाही. गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने विंडोजमध्ये बसून उबुंटूच्या भागाला एक अक्षर दिले आणि तो उघडू पाहिला. विंडोजने विचारले, हा भाग वापरायचा तर ‘फॉरमॅट’ करावा लागेल, करू का? पोराचे बोट कळेवर होते. त्या भागात तीन वर्षांचा दुधाचा हिशेब आणि पीककर्जाचे कागद होते. मी चहाचा कप ठेवून ओरडलो, ‘अरे थांब!’ म्हणून वाचलो. ‘फॉरमॅट’ म्हणजे उभ्या पिकात नांगर. उत्तर एकच, ‘नाही’.

दोघींना लागणारे कागद दोघींना उघडता येईल अशा ठिकाणी, विंडोजच्या भागात ठेवा. आणि मोलाच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये, तिसऱ्याच ठिकाणी असू द्या. सगळे बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तेच शहाणपण इथेही चालवा.

आज संध्याकाळी एवढे करा: ती खूण काढा आणि एक प्रत करून ठेवा. मुलीच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी धावपळ होणार नाही.